बांगडा, बर्फ आणि एन्झाइम

एन्झाइमवरचा, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनांवरचा, तुमच्याकडचा लेख वाचला. एन्झाइम आपला रेणू कसा निवडतं हे लेखात कुलूप-किल्लीच्या उपमेवरच थांबलंय: किल्ली कुलपात बसावी तसा रेणू एन्झाइमच्या खाचेत बसतो. ती उपमा रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांची, १८९४ची. जीवरसायनशास्त्रज्ञ डॅनियल कोशलंड यांनी १९५८मध्ये पुढचं मांडलं: योग्य रेणू आत आला की एन्झाइमही आपला आकार थोडा बदलून त्याला धरतं. हे यायला हवं होतं.

आमच्या मालवणकडे याचा संबंध थेट जेवणाशी आहे. बांगडा बर्फाविना उन्हात राहिला की मॉर्गनेलासारखे जिवाणू वाढतात. त्यांचं हिस्टिडिन डिकार्बॉक्सिलेज हे एन्झाइम इतर अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) सोडून हिस्टिडिनच पकडतं, कारण हिस्टिडिनची पाच अणूंची कडी एन्झाइमच्या खाचेत नेमकी बसते. मग कार्बन डायऑक्साइड सुटतो, मागे हिस्टामिन उरतं. बांगड्यात मोकळं हिस्टिडिन मुळातच भरपूर. असा मासा खाल्ला की तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, आणि लोक दोष देतात मसाल्याला!

कालवण कितीही उकळा, जिवाणू मरतात पण हिस्टामिन जात नाही. एकदा तयार झालेलं एन्झाइम तर फ्रिजमध्येही काम करत राहतं. म्हणून बर्फ होडीवरच हवा, बाजारात पोचल्यावर नाही. लेखकांनी यावर सविस्तर लिहावं, ही कळकळीची विनंती.