‘किमोने मुलगी वांझ होते’: त्या फॉरवर्डला उत्तर

माझ्या सात वर्षांच्या भाचीला रक्ताचा कर्करोग आहे, एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). उपचाराचा शेवटचा, लांबलचक टप्पा चालू आहे. गेल्या आठवड्यात वहिनीने तिची रात्रीची गोळी सलग दोन दिवस दिलीच नाही. का, विचारलं तर मोबाइल पुढे केला. नात्यातल्याच कुणीतरी पाठवलेलं: ‘किमोने लहान मुलींचं गर्भाशय जळतं, त्या कायमच्या वांझ होतात. मूल झालंच तर व्यंग असलेलं. डॉक्टर हे लपवतात. किमो थांबवा, शतावरीचा काढा द्या.’

गर्भाशय वगैरे जळत नाही. धोका असतो तो अंडाशयाला. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्याकडे दहा-वीस लाख स्त्रीबीजं असतात, नंतर भर पडत नाही. सायक्लोफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन, बुसल्फान यांसारखी औषधं तो साठा खातात, आणि वय लहान म्हणून अंडाशय पूर्ण वाचतं असंही नाही. डोस मोठे असतील तर पाळी लवकर जाऊ शकते. एवढं खरं आहे, मानते. पण सगळी किमो एकच कशी? मी भाचीची फाइल घेऊन बसले. पानोपानी व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन. यांचा अंडाशयाला फारसा त्रास नाही. सायक्लोफॉस्फामाइड आहे, पण मोजकं.

‘कायमच्या वांझ’ म्हणणाऱ्यांनी ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकातला २०१६चा अभ्यास बघावा. अमेरिका-कॅनडातली, लहानपणी किंवा तरुणपणी कर्करोगातून वाचलेली सुमारे अकरा हजार माणसं. किमो घेतलेली, पण डोक्याला किंवा ओटीपोटाला रेडिएशन न घेतलेली. पंचेचाळिशीपर्यंत त्यातल्या सुमारे ७० टक्के बायकांना दिवस गेले. त्यांच्या निरोगी बहिणींमध्ये ते प्रमाण ८० टक्के. फरक आहे, पण ‘कायमच्या वांझ’ कुठे? व्यंगाचं तर सोडाच, अशा आयांच्या मुलांमध्ये जन्मजात व्यंगं जास्त आढळलेली नाहीत.

आणि काढा! हा आजार चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार झाले तर दहापैकी आठाहून जास्त मुलांमध्ये बरा होतो. उपचार सोडले तर मूल हातातून जातं. शतावरीने रक्तातला कर्करोग मरत नाही. चुकलेल्या गोळ्यांनी तो उलटतो मात्र. पुढे आई होता येईल का याची काळजी करायची आणि त्यापायी पोरीचा जीवच पणाला लावायचा? हे लिहिणाऱ्याने ती अर्धी गोळी कधी साखरपाण्यात विरघळवून पाजली आहे का?

डॉक्टर लपवतात, यात तथ्य एवढंच, की आम्हाला कुणी आपणहून सांगितलं नाही. ओपीडीच्या गर्दीत तो विषयच निघाला नाही. म्हणून आपणच विचारायचं: सायक्लोफॉस्फामाइड एकूण किती झालं? पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटची (मोठ्या डोसच्या किमोनंतर निरोगी मज्जापेशी देण्याची) वेळ आली तर त्याआधी अंडाशयाचा तुकडा गोठवून ठेवता येईल का? रक्ताच्या कर्करोगात तो तुकडा परत बसवताना आजाराच्या पेशीही परत येण्याचा धोका असतो, तेव्हा तेही विचारायचं. वहिनीने हे तिन्ही प्रश्न फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. गोळी कालपासून परत सुरू आहे.