अकरा अकरा

गेल्या वर्षी ११ नोव्हेंबरला मी एका अनोळखी बाईला लागेल असं बोलले आणि ते अजून मनातून जात नाहीये, म्हणून हे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, निवांत असाल तेव्हा वाचा.

झालं काय, त्या दिवशी सकाळपासून मी पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या दिवसाबद्दल वाचत बसले होते. ११ नोव्हेंबर १९१८, फ्रान्समधलं कॉम्पिएन्यचं जंगल, रेल्वेच्या एका डब्यात पहाटे पाचच्या सुमारास युद्धबंदीवर सह्या झाल्या, पण अंमल सकाळी अकरा वाजल्यापासून. मधले सहा तास युद्ध चालूच. त्या एका दिवसात सगळ्या बाजूंची मिळून साधारण २७०० माणसं मेली, आणि वरच्या अधिकाऱ्यांना माहीत होतं की अकराला सगळं थांबणार आहे. जॉर्ज एलिसन नावाचा ब्रिटिश सैनिक, आधी कोळशाच्या खाणीत काम करायचा, १९१४ पासून लढत होता, तो बेल्जियममध्ये मॉन्सजवळ युद्ध थांबायच्या दीडेक तास आधी गेला. आणि अमेरिकेचा हेन्री गुंथर १० वाजून ५९ मिनिटांनी. म्हणजे एक मिनिट राहिलं होतं फक्त. तो जर्मन मशीनगनच्या दिशेने धावत निघाला तेव्हा समोरचे जर्मन सैनिक हात हलवून मागे जा मागे जा सांगत होते म्हणतात.

एलिसनची कबर मॉन्सजवळच्या सेंट सिंफोरियन दफनभूमीत आहे. तिच्या अगदी समोर, चार पावलांवर, जॉन पार या पोराची कबर आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये गेलेला, या युद्धातला पहिला ब्रिटिश सैनिक मानतात त्याला. पहिला आणि शेवटचा समोरासमोर, कोणी मुद्दाम ठरवून नाही, योगायोगाने. हे वाचून मला खरंच पुढे वाचवेना.

आणि त्याच वेळी फोनवर एक व्हिडिओ आला, जर्मनीतल्या कोलोन शहराचा. रंगीबेरंगी कपडे, तोंडं रंगवलेली, हजारो माणसं चौकात नाचतायत गातायत, खाली लिहिलेलं ११.११, ११ वाजून ११ मिनिटं. माझं डोकंच फिरलं. मी खाली लिहिलं, आज तारीख काय आहे ते तरी बघा, लाज कशी वाटत नाही. ज्या बाईने व्हिडिओ टाकला होता तिचं तासाभराने उत्तर आलं, एकदम शांत. म्हणाली, माझ्या आजीचा भाऊ त्या युद्धातून परत आला नाही, सकाळी त्याच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि मग चौकात आले, दोन्ही माझंच आहे.

मला काही बोलताच आलं नाही. मग मी पुढचे कित्येक दिवस या एका तारखेच्या मागे लागले.

पहिली गोष्ट कळली ती ही की ११ नोव्हेंबर ही तारीख युद्धाच्या कितीतरी आधीपासून भरलेली होती. हा संत मार्टिनचा दिवस. हा मार्टिन रोमन सैन्यातला शिपाई, गोष्ट अशी सांगतात की अमिआँ शहराच्या वेशीपाशी थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला म्हणून त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. पुढे त्याने सैन्यच सोडलं. इसवी सन ३९७ मध्ये ११ नोव्हेंबरला त्याला तूर शहरात पुरलं, म्हणून हा त्याचा दिवस. जुन्या काळी दुसऱ्या दिवसापासून नाताळापर्यंतचा उपासाचा काळ सुरू व्हायचा, म्हणून आदल्या दिवशी खाऊन पिऊन मजा करून घ्यायची, हंगाम संपलेला असायचा, धान्य घरात आलेलं असायचं. शिवाय जर्मन लोकपरंपरेत अकरा हा विदूषकांचा आकडा. या सगळ्यातून कोलोनचा तो दंगा आलाय. जर्मनीत लहान मुलं याच सुमारास कंदील घेऊन मार्टिनची गाणी म्हणत फिरतात. आणि जर्मनांचा स्वतःचा युद्धातल्या मृतांचा शोकदिवस वेगळा आहे, नोव्हेंबरच्याच मध्यावर एका रविवारी. म्हणजे ते विसरलेत वगैरे काही नाही, त्यांनी दुःखाला दुसरी जागा दिलीय. मी हे काहीच माहीत नसताना त्या बाईवर ओरडले.

शिपाईगिरी सोडलेल्या माणसाच्या दिवशीच ते युद्ध थांबलं, हा योगायोग मला फार मोठा वाटतो. अमिआँ शहर तर त्या सोम नदीच्या काठी, जिच्या खोऱ्यात १९१६ मध्ये लाखो पोरं मेली आणि जखमी झाली.

आता घड्याळ बघा. पॅरिस आणि कोलोनची वेळ एकच. पॅरिसमध्ये अकराच्या सुमारास विजय कमानीखाली अनाम सैनिकाच्या कबरीपाशी लोक स्तब्ध उभे असतात (त्याची शवपेटी ११ नोव्हेंबर १९२० ला तिथे आणली, पुरलं जानेवारी १९२१ मध्ये, आणि त्याच ११ नोव्हेंबरला लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत तशाच एका अनाम सैनिकाला पुरलं), आणि अकरा मिनिटांनी कोलोनमध्ये जल्लोष फुटतो. लंडन तासभर मागे, त्यामुळे तिथली दोन मिनिटांची शांतता येईपर्यंत कोलोन नाचून नाचून घामाघूम झालेलं असतं.

आणि त्याच वेळी वॉर्सामध्ये तिसरंच काहीतरी. पोलंडसाठी हा दिवस शोकाचा नाहीच, जन्माचा आहे. १७९५ मध्ये शेजाऱ्यांनी वाटून घेऊन नकाशावरून पुसलेला देश १२३ वर्षांनी परत आला तो ११ नोव्हेंबर १९१८ ला, पिउसुदस्की या पोलिश सेनानीच्या हातात सत्ता आली तो दिवस. १९३७ मध्ये अधिकृत सुट्टी झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीने ती रद्द केली, १९८९ मध्ये लोकांनी परत मिळवली. चाळीसेक वर्षं सरकारने ही तारीख दाबून ठेवली पण लोकांच्या मनातून गेली नाही ती.

आफ्रिकेतल्या अंगोलाचं वाचून मात्र पोटात गोळा आला. ११ नोव्हेंबर १९७५, पोर्तुगालपासून स्वातंत्र्य, लुआंडा शहरात मध्यरात्री अगोस्तिनो नेतो या तिथल्या स्वातंत्र्यलढ्याच्या नेत्याने घोषणा केली, आणि जवळच किफांगोंदोला आदल्याच दिवशी तोफांची लढाई झाली होती. तिथून पुढे गृहयुद्ध २००२ पर्यंत. एका ठिकाणी याच तारखेला युद्ध थांबलं, दुसऱ्या ठिकाणी याच तारखेला स्वातंत्र्य आलं आणि शांतता यायला २७ वर्षं लागली. त्यांनी कुठल्या भावनेने हा दिवस पाळायचा ते बाहेरच्या कोणी सांगायचं का? मला नाही वाटत.

मालदीवचा प्रजासत्ताक दिन हाच, १९६८ पासून. भूतानच्या चौथ्या राजांचा वाढदिवस हाच. आपल्याकडे मौलाना आझादांची जयंती, म्हणून २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन. आचार्य कृपलानींचा जन्मही नेमका ११ नोव्हेंबर १८८८ चाच, आझादांची आणि त्यांची तारीखही एक आणि सालही एक, आणि १९४६ मध्ये काँग्रेसचं अध्यक्षपद आझादांनंतर नेहरूंकडे जाऊन त्याच वर्षी कृपलानींकडे आलं.

चीनमध्ये चार एक म्हणजे चार एकटी माणसं, १९९३ च्या सुमारास नानजिंग विद्यापीठाच्या हॉस्टेलमधून एकट्यांचा दिवस सुरू झाला असं सांगतात, आणि २००९ मध्ये अलीबाबा या तिथल्या ऑनलाइन खरेदीच्या कंपनीने त्याचा सेल केला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

हे वाचून काही जण म्हणतील की एवढा गोंधळ आहे तर सरळ तारखा वाटून घ्या, शोकाचा एक दिवस, खरेदीचा दुसरा. पण तारीख हलवता येत नाही हो. अमेरिकेने करून बघितलं. त्यांचा हा दिवस आधी युद्धबंदी दिन होता, १९५४ मध्ये माजी सैनिकांचा दिवस झाला, आणि १९७१ पासून लोकांना सलग सुट्टी मिळावी म्हणून तो ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी नेला. लोकांनी ऐकलंच नाही, बऱ्याच राज्यांनी ११ नोव्हेंबरच पाळला, शेवटी १९७८ पासून केंद्रालाही परत यावं लागलं. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला तुम्ही सोयीचा सोमवार देऊन काय उपयोग. आणि वाटून घ्यायचंच म्हटलं तर संयुक्त राष्ट्रांत १९३ देश, वर्षाचे दिवस ३६५, प्रत्येक देशाचे चार चार दिवस जरी धरले तरी बसत नाहीत.

माझं मत आता एवढंच आहे की तारीख कोणाच्या मालकीची नसते, पण तिच्यावर ज्याला गप्प उभं राहायचंय त्याला तेवढी जागा मिळालीच पाहिजे. नाचणाऱ्याचा मला आता राग येत नाही. राग येतो तो सेलच्या मेसेजचा, सकाळी सहापासून फोन वाजायला लागतो तो रात्रीपर्यंत, त्या गलक्यात शांततेची दोन मिनिटं दिसतसुद्धा नाहीत. आवाज करणाऱ्याला आवाज करायचा हक्क आहे, सगळी तारीख गिळायचा नाही, आणि हे मी अगदी ठामपणे म्हणतेय.

हे जमतं, त्याचं उदाहरण दक्षिण कोरिया. तिथे ११ नोव्हेंबरला पोरं एकमेकांना पेपेरो नावाच्या लांब बिस्किटाच्या काड्या देतात, कारण ११ तशा काड्यांसारखा दिसतो. त्याच दिवशी शेतकरी दिन, १९९६ पासून, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे, माती या अर्थाचं जे चिनी अक्षर आहे ते दहा आणि एक ही अक्षरं एकावर एक ठेवल्यावर तयार होतं, म्हणून अकरावा महिना अकरावा दिवस म्हणजे मातीच माती. आणि त्याच दिवशी बरोबर अकरा वाजता बुसानमध्ये भोंगा वाजतो आणि एक मिनिट लोक स्तब्ध होतात, कोरियन युद्धात लढायला आलेले परदेशी सैनिक जिथे पुरलेत त्या संयुक्त राष्ट्रांच्या दफनभूमीकडे तोंड करून. २००७ मध्ये कॅनडाच्या एका माजी सैनिकाच्या कल्पनेतून हे सुरू झालं, आता इतर देशांतही आपापल्या ठिकाणी बुसानकडे तोंड करून उभे राहतात लोक. बिस्किटं खिशात असतात, मिनिट संपलं की परत वाटायला सुरुवात.

त्या बाईला मी तीन दिवसांनी माफी मागणारा मेसेज केला. तिने आजीच्या भावाचा फोटो पाठवला, एकोणीस वर्षांचा असेल, टोपी जरा मोठीच झालेली. या वर्षी मी फोनवर तीन अलार्म लावलेत. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी साडेसात, बुसान. दुपारी ३ वाजून ४१ मिनिटं, कोलोन. संध्याकाळी साडेचार, लंडन. मधल्या अलार्मला तिला व्हिडिओ कॉल करायचं ठरलंय, चौकातून घेईन म्हणाली, ऐकू काही येणार नाही पण दिसेल.