हंबनटोटा चीनने कर्जापायी बळकावलं? जरा कागद बघू

श्रीलंकेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: चीनने श्रीलंकेला मुद्दाम न फेडता येणारं कर्ज दिलं, हप्ते थकताच दक्षिण किनाऱ्यावरचं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी काढून घेतलं, तिथे नौदलाचा तळ उभारला, आणि याच कर्जाने २०२२ मध्ये देशाचं दिवाळं काढलं. ही गोष्ट आपल्याला चटकन पटते, कारण कर्जापायी सावकाराने जमीन गिळल्याच्या कहाण्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या आहेत. पण हंबनटोट्याला ती चौकट लावली की जवळजवळ प्रत्येक दुवा निसटतो. मला चीनची वकिली करायची नाही. चीनच्या हालचालींची काळजी भारताने करायलाच हवी. म्हणूनच ती चुकीच्या जागी खर्च होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पहिला दावा, मुद्दाम गळ्यात मारलेल्या कर्जाचा. हंबनटोट्याला बंदर हवं हे स्वप्न श्रीलंकेचं स्वतःचं होतं, आणि जुनं होतं. पूर्व-पश्चिम सागरी मार्गावरची जहाजं या किनाऱ्याच्या अगदी जवळून जातात, मग ती इथे का थांबू नयेत, हा त्यामागचा साधा हिशेब. २००३ मध्ये कॅनडाच्या एसएनसी-लाव्हालिन कंपनीने व्यवहार्यता अहवाल दिला. त्यानंतर डेन्मार्कच्या रॅम्बॉलने दिला. २००५ मध्ये महिंदा राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले आणि हंबनटोटा हा तर त्यांचा स्वतःचा जिल्हा. बंदर आधी भारताला देऊ केलं होतं, हे त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं. दिल्लीने रस दाखवला नाही, चीनच्या एक्झिम बँकेने, म्हणजे परदेशी प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेने दाखवला. २००७ मध्ये पहिल्या टप्प्यासाठी ३०.७ कोटी डॉलर मिळाले, ६.३ टक्के स्थिर व्याजाने. हा दर पठाणी होता असं म्हणतात. त्याच वर्षी श्रीलंकेने आंतरराष्ट्रीय बाजारात पहिले रोखे विकले, त्यांवर व्याज ८.२५ टक्के होतं.

आणखी एक गोष्ट तारखांमध्येच आहे. हे बंदर 'बेल्ट अँड रोड'चं, म्हणजे देशोदेशी रस्ते-बंदरं बांधण्याच्या चिनी योजनेचं पिल्लू म्हणून दाखवलं जातं. शी जिनपिंग यांनी ती योजना मांडली २०१३ मध्ये. हंबनटोट्याचं पहिलं कर्ज त्याच्या सहा वर्षं आधीचं, हू जिंताव यांच्या काळातलं. जी योजना अस्तित्वातच नव्हती, तिचा डाव म्हणून हे बंदर कसं रचलं गेलं असेल?

चूक झाली ती पुढे. रॅम्बॉलचा सल्ला होता की आधी तेल, मोटारी, धान्य असा सुटा माल हाताळा, कमाई सुरू होऊ द्या, मग कंटेनरच्या मागे लागा. राजपक्ष्यांना धीर नव्हता. बंदराचं उद्‌घाटन १८ नोव्हेंबर २०१० ला, म्हणजे त्यांच्या वाढदिवशी झालं. जहाजं येईनात तेव्हा मोटारी आणणाऱ्या जहाजांना कोलंबोऐवजी हंबनटोट्यालाच लागण्याचा हुकूम निघाला. २०१२ मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी सुमारे ७५ कोटी डॉलर घेतले, २ टक्क्यांनी. चिनी बँकेने परतफेडीची कठोर छाननी केली नाही, हा दोष तिच्या माथी निश्चित आहे. पण तो निष्काळजीपणाचा दोष. बंदर गिळण्याच्या बेताचा पुरावा त्यातून निघत नाही.

आता खरा कळीचा दुवा, २०१७ चा करार. फिरणाऱ्या मजकुराचा सगळा डोलारा यावर उभा आहे, म्हणून इथे थोडं सावकाश जाऊ.

जानेवारी २०१५ मध्ये राजपक्षे हरले. मैत्रीपाल सिरिसेना राष्ट्राध्यक्ष आणि रनिल विक्रमसिंघे पंतप्रधान म्हणून सत्तेवर आले, तेही चिनी प्रकल्पांवर टीकेची झोड उठवून. आल्या आल्या त्यांनी कोलंबोच्या पोर्ट सिटी या चिनी प्रकल्पाचं काम थांबवलं. पण तिजोरीत डॉलर नव्हते. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावं लागलं. डोक्यावर सगळ्यात मोठा बोजा होता तो परदेशी गुंतवणूकदारांना विकलेल्या रोख्यांचा, त्यातले दीड अब्ज डॉलरचे रोखे २०१९ च्या सुरुवातीला फेडायचे होते. तोट्यातलं बंदर भाड्याने देऊन डॉलर उभे करावेत, असं या सरकारने ठरवलं. दोन चिनी कंपन्यांकडून प्रस्ताव आले: बंदर बांधणारी चायना हार्बर आणि तिची प्रतिस्पर्धी चायना मर्चंट्स. सरकारने चायना मर्चंट्सला निवडलं.

देशात यावरून रान पेटलं. गोदी कामगारांनी संप केला, नौदल बोलवावं लागलं. जानेवारी २०१७ मध्ये हंबनटोट्यात लोक रस्त्यावर उतरले. बंदर खात्याचे मंत्री होते अर्जुन रणतुंगा, १९९६ चा विश्वचषक जिंकणारा तोच कप्तान. अटी त्यांना मान्य नव्हत्या. मे महिन्यात त्यांचं खातंच बदललं. या सगळ्या रेट्याचा एक परिणाम असा झाला की आधी ८० टक्के ठरलेला चिनी हिस्सा ७० टक्क्यांवर आला आणि २९ जुलै २०१७ ला सह्या झाल्या. चायना मर्चंट्सने ११२ कोटी डॉलर द्यायचे आणि बंदर ९९ वर्षं चालवायचं.

हे ११२ कोटी गेले कुठे? कर्जाच्या बदल्यात बंदर गेलं असतं, तर एक्झिम बँकेचं कर्ज त्या दिवशी मिटलं असतं. सावकार जमीन घेतो तेव्हा निदान खातं तरी बंद करतो. इथे खातं चालूच राहिलं. बंदरासाठी घेतलेलं कर्ज श्रीलंकेच्या सरकारी खजिन्याच्या माथ्यावर तसंच राहिलं. भाडेपट्ट्याचे डॉलर परकीय गंगाजळीत जमा झाले आणि इतर देण्यांसाठी कामी आले. म्हणजे हप्ता थकला म्हणून जप्ती झाली, हे घडलंच नाही. एका चिनी बँकेकडून घेतलेलं कर्ज हा एक व्यवहार, दुसऱ्या चिनी कंपनीला दिलेला भाडेपट्टा हा वेगळा व्यवहार. ९९ वर्षांची मुदत मलाही अवाजवी वाटते, आणि संपावर गेलेल्या कामगारांचा राग रास्त होता. पण तो राग कोलंबोतल्या सरकारवरही होता, हे आपल्या मजकुरात कधी येत नाही.

'कर्जाचा सापळा' ही संज्ञा भारतीय सामरिक अभ्यासक ब्रह्म चेलानी यांनी जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे करारावर सह्या होण्याआधीच रूढ केली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी जाहीर भाषणात हंबनटोट्याचं नाव घेतलं आणि तिथे लवकरच चिनी नौदलाचा तळ होऊ शकतो असा इशारा दिला. तेव्हापासून जगभर हीच गोष्ट पाठ झाली.

तळाचं उत्तर थोडक्यात देता येतं: तळ नाही. श्रीलंकेच्या सरकारच्या परवानगीशिवाय बंदराचा लष्करी वापर करता येत नाही. २०१४ मध्ये चिनी पाणबुडी श्रीलंकेत आली होती, पण ती लागली कोलंबोला. ज्या टर्मिनलला ती लागली, ते चायना मर्चंट्सचंच होतं आणि त्याचा कर्जफेडीशी संबंध नव्हता. १६ ऑगस्ट २०२२ ला 'युआन वांग ५' हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज हंबनटोट्याला लागलं, ही घटना मात्र गंभीर आहे. भारताने हरकत घेतली, कोलंबोने आधी चीनला भेट पुढे ढकलायला सांगितलं आणि काही दिवसांत परवानगी दिली. तेव्हा देश परतफेड थांबवून बसला होता आणि कर्ज-पुनर्रचनेसाठी त्याला चीनचा होकार हवा होता. दबाव असा येतो, आणि त्यासाठी बंदराचा ताबा लागत नाही. पुढे जानेवारी २०२४ पासून श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांवर वर्षभराची बंदी घातली, हाही निर्णय कोलंबोचाच.

मग २०२२ चं दिवाळं? १२ एप्रिलला श्रीलंकेने परदेशी कर्जफेड थांबवली, तेव्हा सरकारच्या परदेशी कर्जात चीनचा वाटा साधारण पाचवा हिस्सा होता. चीनच्या बाजूने जो दहा टक्क्यांचा आकडा पुढे केला जातो, तोही फसवा आहे. त्यात सरकारी उपक्रमांची कर्जं आणि चायना डेव्हलपमेंट बँक या दुसऱ्या सरकारी बँकेची कर्जं धरलेली नसतात. पण सगळ्यात मोठा वाटा होता आंतरराष्ट्रीय रोख्यांचा, सुमारे साडेबारा अब्ज डॉलर, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. त्यावर २०१९ च्या अखेरीस नवे राष्ट्राध्यक्ष, महिंदांचे भाऊ गोताबाया राजपक्ष्यांनी मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. मग कोविडने पर्यटन बसलं. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली आणि भाताचं पीक आडवं झालं. गॅस आणि पेट्रोलच्या रांगांत उभं राहून जीव गमावलेल्या माणसांना हे निर्णय भोवले.

हे सगळं वाचताना मला सर्वांत खटकतं ते असं की आपण 'चीन' हा एकच मेंदू, एकच हात धरून चालतो. चिनी राजकारणाचा अभ्यास करणारे अनेक वर्षं वेगळं सांगत आले आहेत. एखादा प्रकल्प बहुतेक वेळा बीजिंगच्या नकाशावर जन्मत नाही. चिनी बांधकाम कंपनी परदेशात काम शोधत फिरते, तिथल्या मंत्र्याला प्रकल्प गळी उतरवते किंवा मंत्रीच तिला बोलावतो. मग तिथलं सरकार अर्ज करतं आणि एक्झिम बँक कर्ज देते, अट एवढीच की काम चिनी कंपनीला मिळावं. वाणिज्य मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय, अर्थ मंत्रालय यांची आपापसात ओढाताण असते. ती आवरण्यासाठीच २०१८ मध्ये परदेशी मदतीची वेगळी संस्था काढावी लागली.

याच ओढाताणीचा खरा फटका आंतरराष्ट्रीय सहकार्याला बसतो, आणि तिथे चीनला धारेवर धरायला हवं. श्रीलंकेच्या सुटकेसाठी जानेवारी २०२३ मध्ये भारताने सर्वांत आधी आपल्या कर्जात सवलत देण्याची हमी नाणेनिधीला दिली. चीनच्या एक्झिम बँकेने त्याच महिन्यात फक्त दोन वर्षं हप्ते लांबवण्याची सवलत देऊ केली. नाणेनिधीचं पाऊल अडलं आणि सुमारे तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम मार्चमध्ये मंजूर झाला. भारत, जपान आणि फ्रान्सने धनकोंची समिती स्थापली, चीन तिच्यात सामील झाला नाही आणि त्याने आपला करार वेगळा केला. डेव्हलपमेंट बँकेने तर स्वतःला सरकारी नव्हे, व्यापारी धनको म्हणवून घेतलं. कर्ज माफ करायचं तर सरकारी मालमत्तेचं नुकसान केल्याचा ठपका कोणी घ्यायचा, या भीतीने बँकेतला अधिकारी मुदत वाढवतो, रक्कम कमी करत नाही. करार गुप्त ठेवण्याच्या अटी असतात, त्यामुळे कोणी किती सोडलं हे दुसऱ्या धनकोला कळत नाही. दरम्यान देश ताटकळतो. सरकारी धनकोंशी अंतिम करार जून २०२४ मध्ये झाले, परतफेड थांबल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने.

आता हंबनटोट्यात पुढचा डाव मांडला जातोय. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके बीजिंगला गेले असताना सिनोपेक या चिनी सरकारी तेल कंपनीच्या ३.७ अब्ज डॉलरच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा करार झाला. ही थेट गुंतवणूक आहे, कर्ज नाही, त्यामुळे सापळ्याची गोष्ट इथे लागूच पडत नाही. विचारायचं ते हे: करसवलत किती वर्षांची, तेलाचा किती भाग श्रीलंकेच्या बाजारात विकायची मुभा, आणि कराराचा मसुदा संसदेसमोर येणार की नाही.