तूट कुणाची?

नदीच्या पाण्यावरून दोन राज्यं भांडायला लागली की सगळी चर्चा एकाच आकड्यावर येते, आमच्या वाट्याला किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट पाणी. मला तर हा प्रश्नच उलटा वाटतो. चांगल्या पावसात कोण भांडतंय हो, धरणंच भरून वाहत असतात. भांडण पेटतं कमी पावसाच्या वर्षी आणि नेमकं त्याच वर्षाचं कागदावर धड काही ठरलेलं नसतं.

कावेरीचंच बघा. 2018 ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कर्नाटकने वर्षाला 177.25 टीएमसी तामिळनाडूला सोडायचं, त्याचं महिनावार टाइमटेबल पण आहे, जूनमध्ये 9.19, जुलैत 31.24. दशांशापर्यंत हिशोब! पण हा हिशोब नॉर्मल वर्षाचा. तुटीच्या वर्षी काय, तर त्या प्रमाणात कमी करा. आता प्रमाण कशाचं, धरणात आलेल्या पाण्याचं, पावसाचं, की शेतात उभ्या असलेल्या भाताचं? वरचा म्हणतो माझ्याकडे आलंच नाही तर सोडू कुठून, खालचा म्हणतो माझं पीक वाळतंय, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. मग 2023 सारखं होतं, कमिटी बसते, पंधरा दिवसांसाठी 5000 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 5000 घनफूट पाणी सोडायचा आदेश निघतो, की लगेच बेंगळुरू बंद, मग कर्नाटक बंद.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीची तर अजून गंमत. 1922 च्या करारात वरच्या राज्यांना वर्षाला 75 लाख एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट) आणि खालच्यांना तेवढंच, पण मोजमाप धरलं ते जास्त पावसाच्या वर्षांचं. नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटून मोकळे.

याउलट अमेरिकेतच डेलावेअर नदी. 1965 च्या दुष्काळात न्यूयॉर्क शहराने वरच्या धरणांतून खाली सोडायचं पाणी थांबवलं, आणि तिकडे फिलाडेल्फियाच्या बाजूला समुद्राचं खारं पाणी नदीतून वर चढायला लागलं. चटका बसल्यावर शहाणपण आलं, तेही सावकाश, 1983 ला. तीन धरणांचा साठा ठरलेल्या रेषेखाली गेला की शहराचा उपसा पण कमी आणि खाली सोडायचं पाणी पण कमी, पायरीपायरीने, दोघांचं एकदम.

आपल्याकडेही तूट अशीच साठ्यावरून वाटून घ्यावी. आता कुणी म्हणेल वरचं राज्य साठ्याचे आकडे खरे देईल कशावरून. शंका रास्त आहे. म्हणून तर धरणाची पातळी आणि येणारं पाणी दोन्ही राज्यांच्या इंजिनियरना एकाच वेळी स्क्रीनवर दिसलं पाहिजे, आणि मोजायचं यंत्र दोघांनी मिळून बसवलेलं पाहिजे.