खुनी बाहुलीचा सिनेमा तरतो बाहुली चालवणाऱ्याच्या हातावर

खुनी बाहुल्यांच्या सिनेमांबद्दल बोलताना आपण रक्त, किंकाळ्या आणि मंत्रांवरच अडकतो. पण बाहुली हलते कशी, यावर अर्धी भीती ठरते.

1988चा 'चाइल्ड्स प्ले' घ्या. दिग्दर्शक टॉम हॉलंड, त्यातला खुनी बाहुला चकी घडवला केविन येगरने. सुरुवातीला बराच वेळ चकी धड चालताना दिसतच नाही. जमिनीलगत धावणारा कॅमेरा, सांडलेल्या पिठात उमटलेले इवलेसे बूट, बस्स. मग चकी ज्याच्याकडे असतो त्या छोट्या अँडीची आई बाहुल्याचं खोकं उचलते आणि त्यातून न वापरलेले सेल खाली पडतात. मग इतके दिवस हा बोलत होता कशावर? ती पाठीवरचं झाकण उघडते, आत कप्पा रिकामा. भयपट लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग घोटून घोटून पाहावा. एवढीशी वस्तू, तीही घरात रोज दिसणारी, आणि हातपाय गार पडतात.

चकीच्या चेहऱ्यावरचे भाव रेडिओ कंट्रोलने चालायचे. चकीला आवाज देणाऱ्या ब्रॅड डूरिफ या नटाचा आवाज आधी रेकॉर्ड करून ओठ त्याला जुळवले जायचे. पूर्ण शरीर दाखवायचं असेल तिथे काही शॉट्समध्ये एड गेल हा ठेंगणा नट चकीच्या कपड्यांत असे आणि त्याच्यासाठी सेट साधारण 30 टक्के मोठे बांधले होते. असं करताना नुसतं टेबल मोठं करून भागत नाही. दाराची मूठ, शर्टाचं बटण, कापडाची वीण, सगळं त्याच मापात वाढवावं लागतं. एक बटण जरी नेहमीच्या मापाचं राहिलं तरी डोळा चोरी पकडतो. शिवाय माणसाची चाल लपत नाही, म्हणून असे शॉट छोटे ठेवावे लागतात.

सगळ्यात जास्त फसतो तो जबडा. नवशिका प्रत्येक अक्षराला तोंड उघडतो आणि बाहुली बडबडणारी चिमटी वाटू लागते. उघडायचं स्वरावर. प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत. 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूचा 'ओम फट्' हा मंत्र म्हणताना 'म'पासून 'फ'पर्यंत तोंड बंद, मग 'फ' सुटताना एकदम उघडायचं. ती एक फ्रेम चुकली की आवाज बाहुलीचा राहत नाही. डोळ्यांचंही तसंच. मान वळताना पापणी लवली नाही तर नजर काचेची दिसते.

म्हणूनच 1993च्या 'झपाटलेला'कडे फक्त विनोदी सिनेमा म्हणून पाहणं मला पटत नाही. दिग्दर्शक महेश कोठारे यांनी तात्या विंचू या खुनी बाहुल्यासाठी शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांना गाठलं, म्हणजे ज्यांच्या घरात अर्धवटराव हा बोलका बाहुला आधीपासून बोलत होता त्यांनाच! दिलीप प्रभावळकरांचा आवाज त्या बाहुल्याला शोभला, कारण हालचाल आवाजाच्या मागे फरफटत नव्हती. त्यात नायक लक्ष्या स्वतःच शब्दभ्रमाचा, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलकं करण्याचा, नाद असलेला, त्यामुळे बाहुला बोलला तरी संशय लक्ष्यावरच जायचा. पटकथेतली ही गाठ फार हुशारीने मारलेली आहे.

आज असा सिनेमा करणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: व्हीएफएक्सने तारा आणि हात जरूर पुसा, पण सेटवर खरी, वजन असलेली बाहुली ठेवा. ती समोर असली की नटाची नजर आपोआप योग्य उंचीवर पडते. आणि बाहुली चालवणाऱ्याला शूटिंगच्या आदल्या दिवशी बोलावू नका. संवाद लिहायला बसाल तेव्हाच त्याला शेजारी बसवा, 'प' आणि 'म' कुठे येतात ते तो सांगेल.