पानिपतावर एक मशीनगन असती तर?

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की फेसबुकवर पानिपत सुरू होतं, आणि त्यात एक कल्पना हमखास असते: भाऊसाहेबांच्या मदतीला आजच्या सैन्याची एक कंपनी पाठवली असती तर? लगेच उत्तरं येतात. ‘अर्ध्या तासात खेळ खलास.’ ‘अब्दाली थेट कंदाहारला.’ मला हे पटत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी ती कंपनी उतरवलीत तर बहुधा वाया जाईल. अडीच महिने आधी उतरवलीत, तर पानिपतची लढाई होण्याचीच गरज उरणार नाही.

आधी दारूगोळ्याचा हिशेब. मराठा लाइट इन्फंट्रीची एक कंपनी धरू (या रेजिमेंटची सुरुवात १७६८ ची, म्हणजे पानिपतानंतर सातच वर्षांनी). माणसं सव्वाशेच्या आत. ९० रायफली, प्रत्येकी १५० गोळ्या. सोबत तीन एमएमजी (मध्यम मशीनगन), प्रत्येकी दोन हजार. एकूण वीस हजारांच्या आसपास. समोरची माणसं दाटीने उभी आहेत म्हणून उदार होऊन दहा गोळ्यांत एक जण पडतो असं मानलं, तरी दोन हजार. अब्दालीकडे लढणारे साठ हजारांच्या वर होते. एमएमजीने काहीशे गोळ्या सलग टाकल्या की तापलेली नळी बदलावी लागते, तोवर ती गप्प. आणि संपलेली गोळी तिथे परत बनत नाही. शोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू छावणीत भरपूर होती, पण ती आजच्या काडतुसात भरली तर रायफलीचा गॅस पोर्ट (बोल्ट मागे ढकलणारा वायू जातो ते भोक) काजळीने बुजतो आणि दर गोळीला बोल्ट हाताने ओढत बसावं लागतं. शिवाय काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी आणणार कुठून?

‘पण सैन्य मरण्याआधीच पळतं की!’ बरोबर, पळतं. त्या दिवशी अफगाण फळीतून दुपारपर्यंत बरेच पळालेही. अब्दालीने त्यांच्यामागे नसकची (शिस्त राखणारे शिपाई) सोडले, पळणाऱ्याला कापायचे हुकूम दिले आणि त्यांना मारून-मुटकून परत फळीत उभं केलं. मग राखीव फौज घातली, जंबुरक्यांसकट, म्हणजे उंटांवरच्या छोट्या तोफांसकट. वीस हजार गोळ्या सकाळी दहापर्यंत उडवून मोकळं झालेल्यांना ही दुपार झेपणार नाही.

खरं तर हा प्रयोग पानिपतावर होऊन गेलेला आहे. इब्राहिमखान गारदीची पलटण म्हणजे त्या काळातली ‘भविष्यातून आलेली’ फौजच. फ्रेंच पद्धतीची कवायत, एका हुकुमावर झडणाऱ्या बंदुका, सोबत तोफा. बेत गोलाच्या लढाईचा होता. मधे बाजारबुणगे आणि बायकापोरं, भोवती तोफा आणि पलटणी, आणि सगळ्यांनी एका चालीने सरकायचं. डाव्या बगलेला गारद्यांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी फोडत आणली. तेवढ्यात विंचूरकर आणि गायकवाडांचं घोडदळ जागा सोडून पुढे घुसलं, मार खाऊन उलटं फिरलं, आणि गारद्यांच्या तोफा-बंदुकांसमोर आपलीच माणसं आली. आता गारद्यांच्या जागी एमएमजी ठेवा. काय होईल? तेच. सरळ मारा करणाऱ्या हत्याराला समोरची जागा मोकळी लागते आणि गनिमी काव्यात वाढलेल्या स्वाराला जागेवर थांबणं माहीत नसतं. मशीनगनच्या आवाजाने आपलेच घोडे बुजतील, हे वेगळंच.

म्हणून एकच हत्यार निवडायचं झालं तर मी ८१ मिमी मॉर्टर निवडेन. बॉम्ब आपल्या स्वारांच्या डोक्यावरून जातो, पल्ला पाच किलोमीटरपर्यंत. मागे उभी असलेली राखीव फौज आणि जंबुरक्यांचे उंट त्याच्या टप्प्यात येतात. एक बॉम्ब चार किलोच्या वर, तेव्हा शंभर बॉम्ब म्हणजे चारशे किलोपेक्षा जास्त वजन. मारा कुठे पडतोय ते सांगणारा माणूस मात्र पुढे हवा आणि त्याच्याकडे चालू रेडिओ हवा. बॅटरी फार तर दिवसभर, आणि पानिपतच्या जानेवारीतल्या धुक्यात सोलर पॅनेल काय चार्ज करणार?

आता पोट. छावणीत एक लाख माणसं धरली (अंदाज याहून बरेच मोठे आहेत) आणि माणशी अर्धा किलो धान्य, तर रोजचे ५० टन. घोडे-बैल वेगळे. पाच टनी ट्रक भरून पीठ पाठवलंत तर दिवसाचा दहावा हिस्सा भागला. १४ तारखेला लढायला निघालेली माणसं कित्येक दिवसांची उपाशी होती. त्यांच्या हातात काहीही दिलं असतं तरी पाय तेच होते.

म्हणून माझी तारीख २५ ऑक्टोबर १७६०, जागा बागपत. अब्दालीने इथे यमुना ओलांडली, म्हणूनच पुढे पानिपत झालं. पाणी अजून चढलेलं, उतार (नदी पायी ओलांडायची जागा) अरुंद, त्याची माणसं वाहूनही गेली, आणि सगळी फौज पार व्हायला दिवस लागले. भाऊ तेव्हा कुंजपुऱ्याच्या बाजूला होते आणि घाटावर म्हणावी अशी चौकी नव्हती. तिथे एक प्लाटून, पस्तीसेक माणसं. तिवईवरच्या एमएमजीचा पल्ला १८०० मीटर आणि पाण्यात छातीभर उभं असलेलं सैन्य. इथे तीच गोळी दहापट कामाची. अडचण पुढची आहे. अब्दाली मुकाट्याने वीस किलोमीटर वर सरकून दुसरा उतार शोधेल आणि आपल्या पायदळाला घोड्यावर बसता येत नाही. त्यांच्यासाठी खोगिरामागे बसवून नेणारे स्वार आधीच नेमावे लागतील. जीपीएस नाही, म्हणून ड्रोन वाऱ्याबरोबर वाहत जाणार. तरी अर्ध्या तासाच्या उड्डाणात नदीकाठचा धुरळा दिसेल.

दुसरी प्लाटून अंतर्वेदीत (गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात), मराठ्यांच्या गोविंदपंत बुंदेल्यांसोबत. अब्दालीची रसद तोडणारा हा साठी ओलांडलेला माणूस डिसेंबरात बेसावध गाठला गेला आणि मारला गेला. त्यांच्या तळाभोवती थर्मल दुर्बिणी घेतलेले चार पहारेकरी असते तर अब्दालीच्या सरदाराचे, अताईखानाचे स्वार लांबूनच दिसले असते. तिसरी प्लाटून दिल्लीच्या वाटेवर. दिल्ली सांभाळणाऱ्या मराठा सरदार नारो शंकरांनी तिथून पाठवलेला खजिना घेऊन निघालेले लोक अंधारात वाट चुकून थेट अब्दालीच्याच छावणीत शिरले होते. तिथे एक हवालदार आणि एक प्रिझमॅटिक कंपास (दिशा दाखवणारं होकायंत्र) पुरला असता.

पण ऑक्टोबरात पाठवायचं तर देवीची लस टोचून पाठवा. देवीचा नायनाट झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, आपल्याकडे लस त्याआधीच बंद झाली होती. आज भरतीतल्या एकाही जवानाच्या दंडावर तो व्रण नाही. लागण झाल्यापासून दहा-चौदा दिवसांत ताप, मग पुरळ. लाखाच्या छावणीत राहून दिवाळीपर्यंत अर्धी कंपनी अंथरुणावर असेल, एकही अफगाण न दिसता.

आणि ‘कंपनी कशाला, रणगाडाच पाठवा’ म्हणणाऱ्यांसाठी: टी-९० चं वजन ४६ टन, टाक्या भरून पल्ला साधारण ५५० किलोमीटर. पुण्याहून निघालात तर नर्मदा ओलांडून थोडं पुढे डिझेल संपेल. तिथून बैल जोडा.