पावनखिंड, फक्त तीन मिनिटांत

चौथीच्या वर्गासाठी इतिहासाचा व्हिडिओ करायचाय? ग्रुपवर मेसेज रात्री पावणेदहाला पडलाय आणि उद्या सकाळी द्यायचाय? मग काय, हवा तेवढा वेळ आहे.

आधी मुलाला झोपवा. त्याचं इथे काही काम नाही.

धडा वाचू नका. वाचलात तर सिद्दी जौहरचा वेढा चारेक महिने होता, राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते, मरण ठाऊक असून शिवा काशीद महाराज बनून पालखीत बसले, असलं नसतं काहीतरी कळेल. तीन मिनिटांत ते कोंबणार कुठे?

संगीत ढॅणढॅण हवं. निवेदन ऐकू आलं की मार्क गेले.

चित्रं एआयकडून घ्या. 'मावळे, खिंड, रात्र' एवढं टाकलं की झालं. ग्रुपवर ज्याला सर्वांत जास्त अंगठे मिळाले, त्या व्हिडिओत बाजीप्रभूंच्या मागे बर्फाची शिखरं होती. शाहूवाडीच्या बाजूला, आषाढात, बर्फ! अहो, 12 जुलै 1660 ची ती रात्र. तहाच्या बोलण्याने आणि कोसळत्या पावसाने पहारा सैलावला, म्हणून तर महाराज निसटले. सगळा प्रसंग त्या पावसावर उभा आहे आणि तुमच्या व्हिडिओत थेंब नाही! चिखल नाही, पालखीचे भोई नाहीत, खिंडीत लढलेल्या बांदलांचं नावसुद्धा नाही. मावळ्यांच्या अंगावर रोमन शिपायांची चिलखतं, आणि एकाच्या हाताला सहा बोटं. खाली कमेंट काय, तर 'अंगावर काटा आला'. माझ्याही आला.

शेवटी मुलाचं नाव सोनेरी अक्षरांत, फिरत फिरत येऊ द्या.

माझ्या लेकीने वहीच्या पानावर पन्हाळा ते विशाळगड नकाशा काढला, त्यावर बोट फिरवत स्वतः बोलली आणि मध्येच थांबून म्हणाली, "एवढ्या पावसात त्यांना वाट कशी दिसली असेल?" व्हिडिओ परत आला. 'थोडं ॲट्रॅक्टिव्ह करा.'

काय ॲट्रॅक्टिव्ह करू, बाई? पोरीला पडलेला प्रश्न कापून तिथे तुतारी घालू? मार्क पोरांना देताय की त्यांच्या बापांच्या मोबाइलला? आणि पालकहो, तुम्हीही मुकाट्याने रात्री जागून हे करून देता, वर स्टेटसला लावता. लाज वाटत नाही? कोल्हापुरात राहतो आपण. पन्हाळा इथून 20 किलोमीटरवर आहे. वर बाजीप्रभूंचा पुतळा आहे, शिवा काशीदांचाही आहे. एकदा तरी नेलंय का वर्गाला? एसटीसुद्धा जाते.